विश्वस्तांनो, त्या तीन कलाकृतींसह सभागृह द्या

माननीय अध्यक्ष, चिटणीस आणि सर्व विश्वस्त यांस,

सविनय नमस्कार.

आपलं उत्तर परवा मिळालं. पौषातले नऊ दिवस सभागृह आम्हाला द्यायला मंडळाची हरकत नाही, भाडंही नेहमीच्या निम्मं घेणार आहात. त्याबद्दल मनापासून आभार. पण खाली एक अट आहे. आमच्या यादीतल्या क्रमांक ४, ११ आणि १७ या कलाकृती मांडायच्या नाहीत. प्रत्येकीपुढे एकेक कारण लिहिलं आहे: ‘अशुभ’, ‘अप्रस्तुत’, ‘भावना दुखावणारी’.

मंडळाचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. बडोद्यातल्या दुसऱ्या कुठल्या मराठी सभागृहाने वेगळं उत्तर दिलं असतं असं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र त्या सगळ्यांसाठी आहे. आपल्यापैकी दोघांना मी फ्रॉक घालायच्या वयापासून काका म्हणत आले. एकांच्या मुलीला मी पाचवी ते सातवी चित्रकला शिकवली. म्हणजे हे घरातलंच बोलणं आहे. घरातलं आहे म्हणून ते माजघरात बसून मिटवावं, असं मात्र या वेळी मला वाटत नाही.

आम्ही आठजणी आहोत. २०२१ चा उन्हाळा सरल्यावर दर गुरुवारी दुपारी माझ्या घरी जमू लागलो. त्या उन्हाळ्यात कुणाच्या घरातून कोण गेलं, हे दांडिया बाजारात कुणाला सांगायला नको. सुरुवातीला नुसत्या बसायचो. चहा व्हायचा, कुणीतरी रडायचं, पाच वाजले की उठायचो. मग एके दिवशी एकीने नवऱ्याचे शर्ट आणले. त्याला दवाखान्यात नेलं तो दिवस शेवटचा, त्यानंतर तिला त्याचं तोंडसुद्धा पाहता आलं नव्हतं. शर्ट कुणाला द्यायचे नव्हते आणि कपाटात बघवतही नव्हते. तिने त्यांचे खिसे उसवले, एकतीस खिसे, आणि एका जुन्या चादरीवर ओळीने शिवले. ज्या खिशात जे सापडलं होतं ते त्याच खिशात परत ठेवलं: इस्त्रीवाल्याचा हिशेब, पार्किंगची चिठ्ठी, एका खिशात फक्त एक वेलदोडा. हे शिवायला तिला सात महिने लागले. यादीत हा क्रमांक १ आहे. आपण तो पाहायला माझ्या घरी आलात तेव्हा अध्यक्षकाका त्या चादरीपुढे बराच वेळ उभे होते आणि जाताना चष्मा पुसत होते. त्यावर आपला काही आक्षेप नाही. असूही नये.

आता क्रमांक ४. हा माझा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या आजीची धाकटी बहीण आमच्याच वाड्यात मागच्या खोलीत राहायची. आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो. तिचं लग्न सातव्या वर्षी कोकणात झालं आणि नवव्या वर्षी ती विधवा झाली. सयाजीरावांनी आपल्या राज्यात बालविवाहाला बंदी करणारा कायदा १९०४ सालीच केला होता. मावशीआजीचा जन्मही तेव्हा व्हायचा होता. पण ती जन्मली त्या हद्दीच्या बाहेर, आणि बडोद्याला बहिणीकडे आली तेव्हा डोक्यावरचे केस गेलेले होते आणि अंगावर आलवण होतं. ते तांबडं लुगडं तिने पुढे जन्मभर नेसलं. १९८१ साली गेली, तेव्हा मी सतरा वर्षांची होते.

मला चित्रकला शिकवली ती मावशीआजीने. शाळेतल्या बाई नंतर आल्या. पहाटे सगळे उठायच्या आधी ती मागच्या पडवीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठिपक्यांची रांगोळी काढायची. पंधरा ते एक, एकवीस ते अकरा, असले मोठाले हिशेब तिच्या बोटांत बसलेले होते. चिमटीतून रांगोळी सोडताना ती श्वास धरायची आणि रेघ संपली की सोडायची. मी शेजारी उकिडवी बसून बघायचे. घरात हालचाल सुरू झाली की ती तळहाताने सगळं पुसून टाकायची. पुढच्या दारात रांगोळी काढायचा तिला हक्क नव्हता, आणि मागच्या दारातली कुणी पाहू नये असं तिलाच वाटायचं. इतकी वर्षं शाळेत मुलांना ‘रेघ काढताना श्वास धरा’ सांगत आले, ते तिचं सांगणं होतं.

ती गेल्यावर ट्रंकेत तिचं एक जुनं आलवण घडी करून ठेवलेलं सापडलं. त्यात डांबराच्या गोळ्या होत्या. आईने ते टाकून दिलं नाही आणि वापरलंही नाही. पुढे ते माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी, एका गुरुवारी, मी त्याला कात्री लावली. हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. त्याचा मी एक परकर-पोलका शिवला, नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचा. शाळेतल्या चौथीतल्या एका मुलीचं माप घेतलं. कंबर बावीस इंच. घेराला खाली दोन टक घातले, वाढत्या अंगाच्या पोरीला घालतात तसे, म्हणजे उंची वाढली की उसवून परकर लांब करता येतो. पोलक्याला फुग्याच्या बाह्या केल्या. एवढंच. त्यावर नक्षी नाही, अक्षर नाही, फोटो नाही.

याला आपण ‘अशुभ’ म्हणालात. या सभागृहात लग्नं आणि मुंजी होतात, तिथे विधवेचं वस्त्र कसं टांगायचं, असं चिटणीसकाकांनी मला फोनवर विचारलं. आवाजात राग नव्हता, संकोच होता, हे मी मान्य करते. पण काका, पौषात लग्नं नसतात म्हणूनच तर आम्ही पौष मागितला. आणि दुसरं असं, की त्या कपड्यात अशुभ ते काय आहे? नऊ वर्षांच्या पोरीने काय केलं होतं? माझ्या आतेबहिणीच्या लग्नात मावशीआजी मागच्या खोलीत दार ओढून बसली होती. दाराच्या फटीतून तिचा एक डोळा दिसत होता. अंतरपाट खाली आला तेव्हा ती फट मिटली, ती मी स्वतः पाहिली आहे. तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि मला वाटलं होतं, ती लपाछपी खेळते आहे.

क्रमांक ११ बद्दल आपण ‘अप्रस्तुत’ लिहिलं. ती एक पिशवी आहे. बाईचं गर्भाशय काढून टाकलं की आपल्याकडे ‘तिची पिशवी काढली’ म्हणतात. दवाखान्यात तसंच म्हणतात, स्वयंपाकघरातही तसंच. आमच्यातल्या एकीची बेचाळिसाव्या वर्षी काढली. घरी आल्यावर पाचव्या दिवशी ती पोळ्या लाटायला उभी राहिली, कारण पिशवी काढणं म्हणजे काही फार मोठं नाही असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तिच्या कपाटात वीस वर्षांचे खण साठलेले होते. नवरात्रात, डोहाळजेवणात, माहेराहून निघताना ओटीत मिळालेले. हिरवे, कुंकवासारखे लाल, इरकली काठाचे. तिने पांढऱ्या मलमलची एक साधी बाजाराची पिशवी शिवली, जशी आपण खंडेराव मार्केटात भाजीला नेतो तशी, आणि तिला आतून त्या सगळ्या खणांचं अस्तर लावलं. मग तोंड काळ्या जाड दोऱ्याने टाके घालून बंद केलं. आत काय आहे ते दिसत नाही. फक्त दोन टाक्यांच्या मधे, बोटभर फटीतून, खणाचा लाल रंग दिसतो.

हे मांडायचं नाही तर मग काय मांडायचं? देवीची ओटी आपण भरतो. बाईची ओटी भरतो. ओटी म्हणजे काय हे प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, आणि तिथे दुखलं की तो विषय अप्रस्तुत होतो. सोयराबाईने चौदाव्या शतकात अभंगात विचारलं होतं, की देहाला विटाळ म्हणता, पण विटाळावाचून जन्मलेला देह कुठला? तो अभंग आपल्या भजनी मंडळात टाळ-मृदंगावर म्हटला जातो, याच सभागृहात, दर एकादशीला. मीही टाळ धरते.

क्रमांक १७ वरून सगळ्यात जास्त वाद झाला, आणि मला ठाऊक आहे की खरा प्रश्न तोच आहे.

आमच्यातली आठवी जी आहे, ती बाबाजीपुऱ्यातल्या एका मराठी घरात मुलगा म्हणून जन्मली. सतराव्या वर्षी घर सुटलं. आज ती तृतीयपंथी म्हणून जगते, पोटापुरतं शिवणकाम करते आणि चित्रं काढते. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिने तसं सांगितलं आहे. तिने विठ्ठल काढला आहे. विटेवर उभा, कटीवर हात, कानात मकरकुंडलं, कपाळी बुक्का. आणि नेसायला नऊवारी, जांभळी, हिरव्या काठाची. ती साडी तिच्या आईची आहे. आई आता तिचा फोन घेत नाही. तिने ती साडी आठवणीतून रंगवली, काठावरच्या रुईफुलांसकट. खाली लिहिलं आहे: विठाई.

‘देवाला साडी नेसवली’ म्हणून भावना दुखावतील, असं आपलं म्हणणं. जरा शांतपणे विचार करू या. विठ्ठलाला आई कुणी म्हटलं? आपणच. ज्ञानेश्वर पुरुष होते, त्यांना माउली म्हणतो. वारीत तर दाढीमिशीवाला पोलीससुद्धा माउली आणि चहावालाही माउली. जनाबाईचा देव तिच्यासोबत दळतो, तिच्या केसांतून फणी फिरवतो. ही कामं कुठला बाप करत होता त्या काळी? आपल्या विश्वस्तांपैकी निदान एका घराण्याचं कुलदैवत नेवाशाचा मोहिनीराज आहे, हे मला ठाऊक आहे. विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं त्याचं ते देऊळ. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच गावात. बाईच्या रूपातल्या देवापुढे आपण पिढ्यान्‌पिढ्या नारळ फोडत आलो, गोंधळ घालत आलो. तेव्हा भावना दुखावल्या नाहीत.

आणि बहुचराजी? बडोद्याहून जावळ काढायला, नवस फेडायला कितीतरी कुटुंबं तिथे जातात. कोंबड्यावर बसलेली ती देवी तृतीयपंथीयांची आई मानली जाते, आणि ते देऊळ गायकवाडांच्या काळात उभं राहिलं. आपल्या सभागृहात लग्न लागलं की दारात टाळ्या वाजतात. आपण त्यांना पैसे देतो आणि बाळाच्या डोक्यावर हात ठेवून घेतो. आशीर्वाद चालतो. मग त्याच हाताने काढलेलं चित्र भिंतीवर का चालू नये? २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना त्यांची ओळख कायद्याने दिली. कायद्याचं बोट धरून मी आपल्याकडे आलेले नाही, पण आपल्या पत्रात ‘समाजमान्य नाही’ असा शब्द आहे, म्हणून आठवण करून दिली.

आपल्यापैकी एकांनी सुचवलं, की हे सगळं विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत करा, तिथे असलं चालतं. तिथे चालतं हे खरं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. १९४९ साली विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सगळे पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सगळी माणसं’ असं व्हावं म्हणून धरून बसलेल्या त्याच बाई. चित्रकलेच्या विभागाला वळण लावणारे नारायण श्रीधर बेंद्रे आपले मराठी, इंदूरचे. आणि पुढे त्या फॅकल्टीतून जे बाहेर पडलं ते बघा. मृणालिनी मुखर्जी तिथे शिकल्या. त्यांनी दोराच्या गाठी मारमारून माणसापेक्षा उंच मूर्ती घडवल्या, त्यांना ‘देवी’, ‘यक्षी’, ‘रुद्र’ अशी नावं दिली. त्या मूर्ती बाईच्या की पुरुषाच्या, फुलाच्या की देहाच्या, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. आपल्या घरोघरी ऐंशीच्या दशकात मॅक्रमेच्या झुंबरांना ज्या गाठी मारायचो, त्याच जातीच्या गाठी. नीलिमा शेख यांनी १९८४ मध्ये चंपा नावाच्या मुलीवर बारा छोटी चित्रं काढली. झोके घेणारी, सायकल चालवणारी पोर, मग लग्न, मग हुंड्यापायी जळालेली. नसरीन मोहम्मदी इथे १९७२ पासून शिकवत होत्या. आजाराने हात साथ देईनासे झाले तरी त्यांच्या रेघा कागदावर केसभर हलल्या नाहीत.

आणि भूपेन खख्खर. दिवसा कारखान्यात हिशेब लिहिणारा, उरलेल्या वेळात चित्रं काढणारा माणूस. आपल्यासारख्याच एका शहरगल्लीतल्या घरांची, दुकानांची, शेजाऱ्यांची चित्रं काढता काढता १९८१ च्या सुमाराला त्यांनी स्वतःचं पुरुषावरचं प्रेम चित्रातून उघडपणे मांडलं. शेवटच्या वर्षांत कॅन्सर झाला तेव्हा तेही रंगवलं, पोट, जखमा, रक्त, काही न लपवता. २००३ साली ते याच शहरात गेले. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. जग त्यांना बडोद्याचा चित्रकार म्हणून ओळखतं, आणि दांडिया बाजारात त्यांचं नाव किती घरांत माहीत आहे?

माझं दुखणं इथेच आहे. फॅकल्टी आमच्या वाड्यापासून सायकलने दहा मिनिटांवर. मला तिथे जायचं होतं, घरच्यांनी पाठवलं नाही, तो विषय जुना झाला. पण माझी आई तिथे कधी गेली नाही, माझ्या शेजारणी गेल्या नाहीत. काचेचं दार, पांढऱ्या भिंती, इंग्रजी पाट्या, आत गेलं की कुणी विचारेल का काय हवंय, अशी धास्ती. ज्यांच्यासाठी आम्ही हे केलं त्या बायका तिथे पाऊल टाकणार नाहीत. त्या आपल्या सभागृहात येतात. चप्पल कुठे काढायची, पंख्याखालची खुर्ची कुठली, पाणी कुठे मिळतं, सगळं त्यांना पाठ आहे. म्हणून सभागृह हवं आहे.

आपल्या घराण्यांनी ज्यांना मानलं त्या सयाजीरावांचंच बघा. राजा रविवर्म्याला बोलावून त्यांनी पुराणातले प्रसंग रंगवून घेतले, आणि त्या चित्रकाराने देव्यांना आपल्या बायकांसारखी नऊवारी नेसवली. आज आपल्याला ते इतकं साहजिक वाटतं, की सरस्वती दुसरं काही नेसत असेल हे सुचतच नाही. कीर्तिमंदिरात जाऊन या कधीतरी, रविवारी सकाळी, गर्दी नसताना. गायकवाड राजांच्या स्मरणार्थ बांधलेली ती वास्तू, १९३६ ची. आत नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात भिंती रंगवल्या. महाभारताचं युद्ध आहे, गंगावतरण आहे. पण सासरचं राजघर सोडून निघालेली मीराही आहे, आणि बुद्धासाठी नाचता नाचता प्राण देणारी नर्तकीही. राजांच्या स्मारकात या दोघी! कुणालाही त्या अप्रस्तुत वाटल्या नाहीत. मी मुलांना दरवर्षी तिथे नेत असे आणि मीरेच्या भिंतीपुढे बसून स्केच काढायला लावत असे. मुली नेहमी मीरेची पाठ काढायच्या. का ते मी कधी विचारलं नाही.

आपली भीती मला समजत नाही असं नाही. मे २००७ मध्ये फाइन आर्ट्सच्या परीक्षेच्या प्रदर्शनात एका विद्यार्थ्याच्या चित्रांवरून बाहेरची माणसं आत घुसली, त्याला अटक झाली, आणि आपलं शहर कित्येक दिवस देशभरच्या बातम्यांत राहिलं. ते सगळं आपण जवळून पाहिलं. काच फुटली तर कोण भरणार, असं एका विश्वस्तांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. अनामत रक्कम आम्ही आठजणी भरू. रोज दोघी दाराशी बसू. पहिल्या संध्याकाळी बाहेरच्या कुणाला बोलावणार नाही, फक्त विश्वस्त, त्यांच्या घरच्या आणि भजनी मंडळ. विठाईपुढे त्यांनी एक अभंग म्हणावा अशी ते चित्र काढणाऱ्या आमच्या आठवीची फार इच्छा आहे. कुठला ते मंडळाने ठरवावं.

लोक येतील का, हाही प्रश्न निघाला. स्वीडनमध्ये हिल्मा आफ क्लिंट नावाची चित्रकार होती. चार मैत्रिणींना घेऊन ती नेमाने ध्यानाला बसायची आणि १९०६ पासून तिने एका कल्पनेतल्या मंदिरासाठी चित्रं काढली, १९३ चित्रं. जग अजून तयार नाही म्हणून आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ती दाखवू नयेत असं सांगून ठेवलं. १९४४ साली गेली. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये ती लागली तेव्हा सहा लाखांवर माणसं आली. आमच्याकडे साठ आली तरी पुरे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायची आहे. आमच्यातल्या धाकटीला पत्रिकेवर ‘हीलिंग’ हा शब्द हवा होता. मी नको म्हटलं. मग मराठी काय, यावर तीन गुरुवार गेले. उपचार हा डॉक्टरांचा शब्द. बरं होणं म्हणावं तर कुणी बरं झालेलं नाही. शर्टवाला परत येणार नाही, पिशवी परत बसणार नाही, आईने फोन उचललेला नाही. शेवटी खिसेवालीच म्हणाली, “शिवत असते तेवढा वेळ हलकं वाटतं.” तो शब्द सगळ्यांना पटला. जात्यावर ओवी गाणाऱ्या बायका दुसरं काय करत होत्या? पत्रिकेवर एवढंच लिहिलं आहे: ‘या, बसा, हलकं वाटलं तर बघा.’ परदेशातही हेच दिसतं. लुईझ बुर्ज्वा या शिल्पकार बाईच्या माहेरी जुने विणलेले पडदे दुरुस्त करायचा धंदा होता. म्हातारपणी तिने स्वतःचे, आईचे जुने कपडे, घरातल्या चादरी कापून त्यांच्या आकृत्या शिवल्या. २०२२ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत फक्त त्या कापडी कामांचं प्रदर्शन झालं. आपण त्याला वाकळ म्हणालो असतो.

परवा फोनवर चिटणीसकाकांनी मधला मार्ग सुचवला. त्या तीन वस्तू स्टेजच्या मागच्या खोलीत ठेवा, पडदा लावा, ज्याला बघायचं तो आत जाऊन बघेल. सुचवण्यामागे आपुलकी होती. तरीही नाही, काका. मी रात्रभर त्यावर विचार केला. मावशीआजीने चौसष्ट वर्षं मागच्या खोलीत काढली. तिच्या वस्त्राचा परकर करून तो पुन्हा मागच्या खोलीत, पडद्याआड मी टांगू शकत नाही. पिशवीवाली आणि विठाईवाली यांनाही विचारलं. दोघी एकच म्हणाल्या, की या तीन नसतील तर बाकीच्या बावीसही नसतील. खिसेवालीही आमच्याबरोबर आहे.

मांडणीचं सांगते, म्हणजे बैठकीत चर्चा नेमकी होईल. दारातून आत आलं की डाव्या हाताला खिशांची चादर. समोरच्या भिंतीवर विठाई, तिच्यापुढे सतरंजी. पिशवी खिडकीशी, कारण दुपारी तिथून ऊन येतं आणि अस्तराचा रंग फटीतून दिसतो. परकर सभागृहाच्या मधोमध, वरून पातळ दोराने लोंबता, कमरेचा पट्टा जमिनीपासून बरोबर अडीच फुटांवर, नऊ वर्षांच्या मुलीची कंबर असते तिथे. त्याच्याखाली मी रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढणार आहे, पंधरा ते एक, आणि ती दिवसभर तशीच राहील. भिंतीला खिळे ठोकणार नाही, दोर पंख्याच्या हुकांना बांधू.

येत्या रविवारी विश्वस्तांची बैठक आहे. चार वाजल्यापासून मी बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. परकर पिशवीत असेल. हाक मारलीत तर आत घेऊन येईन.

आपली,
दांडिया बाजारातली एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
बडोदे